पहिली-दुसरीच्या वर्गात पेंग्विनचं पिल्लू : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गाव यवतमाळ-चंद्रपूरच्या पट्ट्यातलं, तेलंगणाच्या सीमेपासून फार लांब नाही. कापूस, तूर, सोयाबीन. दिवाळीनंतर कापसाची वेचणी उरकत आली की बरीच घरं मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि होळीच्या मागेपुढे परततात. लहान लेकरं कधी सोबत जातात, कधी आजी-आबाजींकडे राहतात. जिल्हा परिषदेची शाळा दोन शिक्षकी आहे. मुख्याध्यापक तिसरी-चौथी बघतात, मॅडमकडे पहिली आणि दुसरी एकत्र. विषय साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षकांना शिकवण्यात मदत करणारी व्यक्ती, म्हणून माझं या शाळेत जाणं-येणं असतं. वर्गातले काही प्रसंग मी स्वतः पाहिले, बाकीचे मॅडमच्या टाचणवहीतून आणि त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून घेतले आहेत. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.

डिसेंबरात वर्गात 'पिल्लं कशी मोठी होतात' हा विषय चालू होता. कोंबडीचं पिल्लू झालं, गाईचं वासरू झालं. एका पोराच्या दप्तरावर लाल मफलर घातलेला पेंग्विन होता, सोबत त्याचं पिल्लू, शेजारी पांढरं अस्वल. पोरांनी हट्ट धरला की आता याचं पिल्लू सांगा. (अस्वलाचा प्रश्न तिथल्या तिथे मिटला. पांढरी अस्वलं उत्तर ध्रुवाकडची आणि पेंग्विन दक्षिणेकडचे. दप्तर छापणाऱ्याशिवाय त्यांची कोणी गाठ घालून दिलेली नाही.)

मॅडमनी मोबाइलवर एक छोटी चित्रफीत दाखवली, गोष्ट सांगितली आणि दुसऱ्या दिवशी पोरांना ती परत सांगायला लावली.

अडचण

परत आलेली गोष्ट साधारण अशी होती: पेंग्विनीण अंडं देते, त्यावर बसते, एकवीस दिवसांनी पिल्लू निघतं आणि ते मायच्या मागे फिरून बर्फ टिपून खातं.

ही कोंबडीच होती, फक्त पांढऱ्या अंगणातली. पोरांनी ऐकलं नव्हतं असं मुळीच नाही. पेंग्विन कसा चालतो याची नक्कल वर्गातल्या प्रत्येकाला येत होती. पण पिल्लू वाढण्याचं जे एक चित्र डोक्यात पक्कं होतं, त्यात नवीन माहिती जाऊन बसली आणि जी बसली नाही ती गळून गेली. बाप अंडं उबवतो हे तर एकानंही सांगितलं नाही.

दुसरी अडचण त्याच तासाला पुढे आली. आई-वडील मिरचीला गेलेली आणि आजीजवळ राहणारी पहिलीतली एक मुलगी आहे, एरवी वर्गात फारसं न बोलणारी. मॅडम सांगत होत्या की अंडं दिल्यावर माय समुद्राकडे निघून जाते. तिनं विचारलं, "त्याची माय कधी येते?" मॅडम म्हणाल्या, दोन महिन्यांनी. त्यावर लगेच, "अन् नाही आली तं?"

मॅडमनी तिथे गोष्ट थांबवली आणि गाणं घेतलं. उत्तर द्यायचं की नाही, दिलं तर कोणतं, हे त्यांना तेव्हा ठरवता आलं नाही. मला विचाराल तर गाणं घेणं ठीकच होतं. घाईत 'येतेच बेटा' म्हणून टाकण्यापेक्षा एक दिवस मागून घेतलेला बरा.

समोर असलेले पर्याय

मुख्याध्यापकांचं मत स्पष्ट होतं: पेंग्विन सोडून द्या. इथे मोर आहे, सुगरण आहे, विहिरीवर घरटी लोंबतात. पोरांनी कधी न पाहिलेला आणि बहुधा पाहणारही नसलेला पक्षी कशाला? हा मुद्दा हलका नाही. परिसरातून शिकणं हे आपण सगळेच बोलतो. पण मागणी पोरांची होती. शिवाय पेंग्विन त्यांच्या जगात नव्हता असं म्हणता येत नव्हतं. तो दप्तरावर होता, मोबाइलवर होता, चुकीच्या शेजाऱ्यासकट.

दुसरा पर्याय गोष्ट गोड करण्याचा. माय मासे घेऊन वेळेवर येते, पिल्लू बापासोबत पोहायला शिकतं, सगळे मिळून राहतात. तयार साहित्यात हीच आवृत्ती जास्त सापडते. मॅडमना ती नको होती. त्यांचं कारण साधं होतं: कोंबडीच्या धड्यात आपण घार पिल्लू उचलून नेते हे सांगितलं, पोरांनी ते रोज पाहिलेलंही असतं, मग पेंग्विनलाच काहून वाचवायचं?

तिसरा पर्याय मुंबईचा. भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विन आहेत, २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणलेले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी तिथे पहिलं पिल्लू जन्मलं आणि काही दिवसांतच दगावलं. नंतरच्या वर्षांत जन्मलेली पिल्लं मात्र जगली. आपल्या राज्यातली गोष्ट म्हणून ती जवळची वाटते. पण ते हम्बोल्ट पेंग्विन आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्या मूळ मुलखात बर्फ नसतो. बिळात किंवा कपारीत दोन अंडी घालतात, माय-बाप आळीपाळीने उबवतात. पोरांनी मागितलेली बर्फातली गोष्ट ही नव्हेच.

आणि हाच खरा निर्णयाचा पहिला टप्पा ठरला: कोणता पेंग्विन? पेंग्विनच्या साधारण अठरा जाती मानतात. बाजारातल्या तक्त्यावर त्यांची खिचडी असते. मॅडमजवळच्या तक्त्यात पिल्लू होतं अंटार्क्टिकातल्या एम्परर पेंग्विनचं आणि घरटं होतं खड्यांचं. खडे गोळा करून घरटं मांडतो तो ॲडेली पेंग्विन. एम्पररला घरटंच नसतं. ॲडेलीची गोष्ट सोपी आहे. उन्हाळ्यातली आहे, महिनाभरात अंडं फुटतं, दोघं पाळ्या लावतात. तरी एम्परर निवडला, कारण पोरांच्या डोक्यातल्या कोंबडीला सगळ्यात जास्त धक्का तोच देणार होता. एक जात ठरली की दुसरीचं काही मिसळायचं नाही, तक्ता गुंडाळून कपाटात, एवढा नियम ठरला.

काय केलं

सुरुवात कोंबडी हटवण्यापासून केली. शाळेच्या झरोक्यात पारव्याचं घरटं होतं आणि पोरांनी त्यातली पिल्लं पाहिली होती. उघडी, डोळे मिटलेली, जागचं न हलणारी. कोंबडीचं पिल्लू काही तासांत चालतं आणि स्वतः टिपतं. पारव्याचं टिपत नाही. त्याला माय आणि बाप दोघंही चोचीतून भरवतात, आणि पहिले काही दिवस दाण्याऐवजी गळ्यातल्या पिशवीत तयार झालेला पांढरट, दह्यासारखा रस देतात. हे पोरांना ठाऊक नव्हतं, पण पारवा ठाऊक होता. एक दिवस फक्त पारव्यावर गेला. पेंग्विनचं नावही काढलं नाही.

हा दिवस मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. आपण शिक्षक परिचित उदाहरणाकडे धावतो, पण चुकीचं परिचित उदाहरण अपरिचितापेक्षा जास्त नडतं. एम्पररचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा तीनशे ग्रॅमच्या आसपास असतं, स्वतः काही खाऊ शकत नाही, आणि माय अजून परतली नसेल तर बाप त्याला गळ्यातून असाच पांढरा रस भरवतो. पारव्यानंतर हे सांगितल्यावर एकही पोर अडखळलं नाही. "पारव्यासारखं," म्हणून मोकळे झाले.

मग अंडं. एम्पररचं अंडं साडेचारशे ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे कोंबडीची आठ-नऊ अंडी. किराणा दुकानात तेवढी तुरीची डाळ तोलून घेतली, फडक्यात गच्च बांधली. खेळ असा: पुरचुंडी दोन्ही पायांच्या पंज्यांवर, वरून ओढणी, आणि व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जायचं. हात लावायचा नाही. माय आधी आपल्या पायावरून बापाच्या पायावर अंडं सरकवते, म्हणून सुरुवात जोडीनं. खाली पडलं की संपलं.

पडलंच. पहिल्याच जोडीचं. पोरगा म्हणाला, "मंग उचलून ठेवा ना पायावर." मॅडमनी सांगितलं की पेंग्विनला हात नाहीत, चोचीनं ओढून घेईपर्यंत अंडं बर्फावर गोठू शकतं, आणि गोठलं तर त्या बापाजवळ त्या वर्षी दुसरं अंडं नसतं. पोरगा रुसला. इथे दोन मार्ग होते, पुन्हा संधी देणं किंवा खेळ खरा ठेवणं. मॅडमनी तिसरा काढला. ज्याचं अंडं गेलं तो आता घोळक्यात. पंधरा-सोळा पोरं व्हरांड्यात पाठीला पाठ लावून दाटीनं उभी, बाहेरचे हळूहळू आत, आतले बाहेर. जानेवारीची सकाळ होती, इकडेही तेव्हा दात वाजतात. आतली ऊब कोणाला समजावून सांगावी लागली नाही. घोळक्याच्या मधोमध कायम कोणी राहत नाही, पाळी सगळ्यांची येते, हे त्यांच्या अंगाला कळलं. रुसलेला पोरगा तोवर आरडाओरड करत आत घुसत होता.

थंडीचा आकडा कसा सांगायचा यावर बरीच चर्चा झाली. उणे चाळीस हे सहा वर्षांच्या पोराला काहीच सांगत नाही. मॅडमनी अंगणात चुन्याची रेघ मारली: इथे पाणी गोठून बर्फ होतं. रेघेच्या एका बाजूला पंचेचाळीस पावलं, तिथे आपला मे महिना. दुसऱ्या बाजूला चाळीस पावलं, तिथे अंडं घेऊन उभा असलेला बाप. दुसऱ्या बाजूची पावलं मोजताना अंगण संपलं, फाटक ओलांडून रस्त्यावर जावं लागलं, आणि हीच गोष्ट पोरांनी घरी जाऊन सांगितली. ऋतू उलटे आहेत, आपला उन्हाळा तो तिकडचा हिवाळा, हे का, ते सांगायचं टाळलं. फक्त एवढं सांगितलं की तिकडे आपल्या देशाची मैत्री आणि भारती नावाची दोन संशोधन केंद्रं आहेत, माणसं तिथे हिवाळाभर राहतात, आणि काही आठवडे त्यांना सूर्यच दिसत नाही. पृथ्वीचा कललेला आस पहिलीत आणण्याचा मोह आवरला हे बरं झालं.

महिन्यांसाठी दोरीवर शेतीची चित्रं लावली आणि त्याखाली पेंग्विनची. वखरणी चालू असते त्या मे-जूनमध्ये अंडं. बाप सुमारे पासष्ट दिवस ते पायावर सांभाळतो. डवरणीच्या दिवसांत, जुलै-ऑगस्टात, पिल्लू बाहेर. समुद्रात पोट भरून माय याच सुमाराला परतते आणि उपाशी बाप तिच्या हाती पिल्लू सोपवून समुद्राकडे निघतो. जोडी जमण्यापासून धरलं तर तोवर त्याला जेवून जवळपास चार महिने झालेले असतात, वजन निम्म्याजवळ आलेलं असतं. "थो बाप जेवत नाही तं मरत काहून नाही?" हा प्रश्न आलाच. अंगातल्या चरबीवर जगतो, आणि चरबी फारच कमी उरली तर अंडं सोडून जातोही, असं उत्तर दिलं.

पोळा ते दसऱ्याच्या दरम्यान पिल्लू पायावरून उतरतं आणि पिल्लांच्या घोळक्यात मिसळतं, कारण आता त्याची भूक एवढी असते की दोघांनाही मासे आणायला जावं लागतं. परत आलेला माय किंवा बाप आपलंच पिल्लू हुडकून भरवतो. शेकडो करड्या पिल्लांत ते सापडतं आवाजावरून. यासाठी डोळे बांधून आवाजाचा खेळ घेतला. त्यात ती न बोलणारी मुलगी आपल्या जोडीदाराला सगळ्यांच्या आधी शोधून काढत होती.

'नाही आली तं?'

प्रश्न टांगलेला होता. मॅडमनी आधी आजीची भेट घेतली. आई-वडिलांचा फोन आठवड्यातून एकदा येतो, पण रात्री उशिरा, पोरगी झोपल्यावर, हे तेव्हा कळलं. ते बदलता येण्यासारखं होतं आणि आजीनं बदललं.

मग वर्गात, अंड्याचा खेळ झाल्यानंतरच्या तासाला, त्यांनी प्रश्न स्वतःहून काढला. बहुतेक माया परत येतात, म्हणाल्या. काही येत नाहीत, समुद्रात सील त्यांना खातो किंवा वाट लांबते. बाप आठ-दहा दिवस गळ्यातला रस भरवू शकतो. त्यानंतर त्याला स्वतः जगायला समुद्राकडे जावं लागतं, आणि ते पिल्लू वाचत नाही.

वर्ग गप्प होता. ती मुलगी म्हणाली, "त्याले आजी नाही राहत का?"

"नाही."

"मले आहे."

मॅडम पुढे गेल्या. इथे थांबून 'बघ, तुझे आई-बाबाही असेच खाऊ आणायला गेलेत, ते येतीलच' असं जोडून देणं किती सोपं होतं. मला वाटतं, न जोडणं हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात बरोबर निर्णय होता. पेंग्विनच्या मायचं परतणं आणि मिरचीच्या मजुरीचा हिशोब यांचा काही संबंध नाही, आणि एकाच्या भरवशावर दुसऱ्याचं वचन दिलं की पहिल्या गोष्टीतला खरेपणा दुसऱ्या वेळी अंगावर येतो. मुलीनं स्वतः जो फरक काढला तो तिचा होता.

शेवटाचा वाद

डिसेंबर-जानेवारीत पिल्लाची मऊ लव झडते आणि खाली पाणी न शिरणारी पिसं येतात. त्याच सुमाराला माय-बाप भरवायचं थांबवून निघून जातात. भुकेलं पिल्लू काठाशी येतं आणि पाण्यात उतरतं. "त्याले पोहाले कोण शिकवते?" कोणी नाही.

हे ऐकून घरी गेलेल्या एका पोराचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले. मायबाप लेकराला टाकून जातात हे शिकवायची काय गरज, असं त्यांचं म्हणणं. मुख्याध्यापकांनाही ते थोडंफार पटलं होतं. मॅडमनी वाद घातला नाही, झरोक्यातलं पारव्याचं रिकामं घरटं दाखवलं. पिल्लं उडून गेली, कोणी परत येत नाही, याला आपण टाकणं म्हणत नाही. वडिलांचं पूर्ण समाधान झालं असं मला वाटत नाही. त्यांचा आक्षेप अगदी निराधारही नव्हता. शेवट एका ओळीत सांगितला गेला होता, आणि लव भिजते व पिसं भिजत नाहीत हा मधला दुवा पोरांपर्यंत पोचायला हवा होता तसा पोचला नव्हता. तो पोचला असता तर 'टाकून गेले' ऐवजी 'तयार झालं' हे आधी घरी गेलं असतं.

म्हणून एक तास पुन्हा घेतला. कापसाचा बोळा आणि तेल लावलेलं कोंबडीचं पीस, दोन्ही पाण्यात बुडवून काढायचे. बोळा जड झाला, पिसावरून थेंब घरंगळले. मग विचारलं, पिल्लू आधीच पाण्यात पडलं तर? उत्तर सगळ्यांनी दिलं.

तिसरी-चौथीला याच प्रयोगावरून पुढचं सांगितलं. २०२२ च्या अखेरीस अंटार्क्टिकाच्या बेलिंग्जहाउझन समुद्रात बर्फ लवकर फुटला आणि तिथल्या पाचपैकी चार वसाहतींतली पिल्लं पिसं येण्याआधीच गेली असावीत, हे उपग्रहाच्या चित्रांवरून लक्षात आलं. पहिली-दुसरीला हे मुद्दाम सांगितलं नाही. एका वाढीच्या गोष्टीत एवढी मरणं पुरे होती.

काय निष्पन्न झालं

फेब्रुवारीत पोरांनी गोष्ट पुन्हा सांगितली आणि चित्रं काढली. अंडं पायावर, बाप उपाशी, आवाजावरून ओळख, हे जवळजवळ सगळ्यांना आलं. पिल्लाचा रंग बहुतेकांनी शिसपेन्सिलीनं करडा केला, डोकं काळं, चेहरा पांढरा. दप्तरवाल्या पोरानं स्वतःच्या दप्तरावरचं चित्र चूक आहे म्हणून जाहीर केलं, कारण त्यातलं पिल्लू मोठ्या पेंग्विनची छोटी नक्कल होतं. दोघा-तिघांनी तरीही घरटं काढलंच. महिन्यांची दोरी कोणालाच नीट सांगता आली नाही. खालची चित्रं आठवली, वरची आठवली, जोडी जुळली नाही. दुसरीतल्या एकीच्या मते बाप शेवटी मरतो, आणि हे मत तिनं अजून सोडलेलं नाही.

मुंबईचे पेंग्विन सगळ्यात शेवटी, एका तासात आले. ते बर्फ नसलेल्या किनाऱ्यावरचे असूनही मुंबईच्या उकाड्यात सोळा-अठरा अंशांच्या खोलीत ठेवतात, हे ऐकून एकानं निकाल दिला, "मंग कूलर लावला असन." हम्बोल्ट आधी घेतला असता तर सगळा घोटाळा झाला असता. शेवटी घेतल्यामुळे 'सगळे पेंग्विन बर्फात राहत नाहीत' हे सहज झालं.

पुढच्या वेळी

पारव्यापासूनच सुरुवात करायची. चित्रफीत पहिल्या दिवशी नको, खेळ झाल्यावर दाखवायची, तेव्हा पोरं चालीवर हसत बसणार नाहीत, पायाखाली अंडं शोधतील. शेवटाच्या आधी पिसाचा प्रयोग. पालकांना आधी कल्पना द्यावी का, यावर मॅडमचं आणि माझं एकमत नाही. त्यांना वाटतं द्यावी. मला वाटतं आधी सांगितलं की शेवट तेवढा कापायला सांगतील.

मोठा बदल दोरीचा. नऊ महिन्यांची वाढ दीड महिन्यात कोंबल्यामुळेच महिने निसटले. विदर्भातली शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीला उघडते. त्या वेळी तिकडे अंडं बापाच्या पायावरच असतं. तिथून जानेवारीत पिल्लू पाण्यात उतरेपर्यंतचा सगळा काळ शाळेच्या सत्रात बसतो. म्हणून येत्या वर्षी भिंतीवर एक पट्टी, आणि तिकडे जे चालू असेल तेवढंच चित्र इकडे त्या आठवड्यात. मुख्याध्यापक तयार झाले आहेत, सुगरणीची पट्टी शेजारी लावायची या बोलीवर. पहिलीतून दुसरीत गेलेल्या पोरांना शेवट माहीत असणार, त्यांना गप्प कसं ठेवायचं हे अजून ठरलेलं नाही.